राखणदाराची राखण

गेल्या पावसाळ्यात पुण्यात ॲमेझॉनवरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, आत खुर्च्या भरलेल्या. पडद्यावर एक फोटो आला. नदीच्या गोट्यांवर उभी एक तरुण मुलगी, हातात तिच्या डोक्याच्या वर जाणारा भाला, गळ्यात मण्यांच्या माळा, पाठीमागं जंगलाची हिरवी भिंत. सभागृहातून ‘वा!’ उमटलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि दोन तट पडले. पुढच्या रांगेतल्या एका काकांचं म्हणणं, ही माणसं निसर्गाची लेकरं, जंगल त्यांच्या रक्तातच असतं, आपण फक्त त्यांच्या वाटेत येऊ नये. मागून एक निवृत्त अधिकारी उठले. त्यांच्या मते हा सगळा भाबडेपणा. लाकूड विकतात तेही आदिवासीच, शिकार करतात तेही तेच, जंगल वाचवायचं तर शिस्तीचं सरकारी दल हवं. अर्धा तास ही जुगलबंदी रंगली, टाळ्या दोन्हीकडं पडल्या. त्या अर्ध्या तासात एकानंही विचारलं नाही, की त्या मुलीला महिन्याकाठी किती मिळतात. मीही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर सुचलं, शहाणे प्रश्न सुचतात तसं, उशिरा.

या दोन्ही तटांची गंमत अशी की ते एकाच गोष्टीवर भांडत होते: आदिवासींचा स्वभाव. एकाला तो सोन्याचा वाटतो, दुसऱ्याला पितळेचा. पण बँकेत कॅशियर नेमताना आपण त्याच्या रक्तात सचोटी आहे का, यावर परिसंवाद भरवतो का? त्याला पगार देतो, अधिकार देतो आणि रोज संध्याकाळी कॅश मोजून घेतो. सीमेवरच्या जवानाच्या देशभक्तीचे गोडवे गातो म्हणून त्याचं रेशन बंद करत नाही. मग जंगलाच्या राखणदाराच्या बाबतीतच गुणगान किंवा संशय, एवढे दोनच पर्याय का असावेत? माझं म्हणणं सरळ आहे. वर्षावनं वाचवायची तर तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखण-तुकड्यांना नियमित पगार, कायद्याचं पाठबळ आणि साधनं मिळाली पाहिजेत. हा पैसा देणगीदाराच्या मर्जीतून न येता सार्वजनिक तिजोरीतून आला पाहिजे. आणि त्या तुकड्यांनी जाब आधी आपल्या गावसभेला द्यायचा, मग बाकीच्यांना. राखण हे काम आहे. ते स्वभावावर सोडलं तर पहिल्या कडक उन्हाळ्यात बंद पडतं.

फोटोतली मुलगी इक्वेडोरमधल्या कोफान लोकांपैकी होती, असं वक्त्या म्हणाल्या. हे लोक स्वतःला ‘आ’ई’ म्हणवतात. त्यांची भाषा आ’इंगाए, जिचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सापडलेलं नाही. अँडीजच्या पूर्व उतारावरून ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरणाऱ्या आग्वारिको नदीच्या काठी त्यांची वस्ती. १९६७ मध्ये टेक्साको कंपनीनं इथं पहिली तेलविहीर खणली. त्या विहिरीभोवती जे शहर उभं राहिलं त्याची नावंच पुरेशी बोलकी आहेत. लोकांच्या तोंडी ते ‘लागो आग्रियो’, म्हणजे आंबट तळं. टेक्सासमधल्या सावर लेक या गावात कंपनीचा जन्म झाला, त्या नावाचं हे स्पॅनिश भाषांतर. सरकारी कागदावर ते ‘नुएवा लोहा’, म्हणजे नवं लोहा, कारण दक्षिणेकडच्या लोहा प्रांतातून आलेले वसाहतकरी इथं स्थिरावले. एक नाव कंपनीच्या माहेरचं, एक वसाहतकऱ्यांच्या. ज्यांची जमीन, त्यांच्या भाषेतलं नाव दोन्हीत नाही.

पुढची कहाणी बऱ्याच जणांना माहीत असते. तेलाबरोबर वर येणारं विषारी पाणी ओढ्या-नद्यांत गेलं, कचरा उघड्या खड्ड्यांत साठला. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला दाखल झाला. २०११ मध्ये इक्वेडोरच्या न्यायालयानं टेक्साको विकत घेणाऱ्या शेव्हरॉनला अब्जावधी डॉलरांचा दंड केला, तो २०१३ मध्ये साडेनऊ अब्जांवर आला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशानं तो निकालच लबाडीनं मिळवलेला ठरवला. कोण किती खोटं बोललं यावर कायदेपंडित अजून भांडतील. नदीकाठच्या माणसाच्या दृष्टीनं हिशेब एवढाच, की वीस-पंचवीस वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि त्या दंडातून नदी काही साफ झाली नाही. नुकसान झाल्यावर न्याय मागायला निघालं की हे असं होतं.

आता त्याच नदीवर, वरच्या अंगाला, सिनांगोये नावाचं दोनेकशे माणसांचं कोफान गाव आहे. कायांबे-कोका राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं. उद्यान म्हणजे कागदावर सरकारी संरक्षण आलंच. तरी सोनं काढणारे, शिकारी, मासेमारीसाठी सुरुंग लावणारे येतच होते. गावानं २०१७ मध्ये आपला नियम लिहून काढला, कोण कुठं येऊ शकेल आणि कोण नाही, आणि स्वतःची राखण-तुकडी उभी केली. भाले घेतलेच, पण त्याबरोबर जीपीएस घेतलं, झाडांना कॅमेरे बांधले, ड्रोन उडवायला शिकले. २०१८ मध्ये गस्तीवर असताना नदीकाठी यंत्रं दिसली. चौकशीत कळलं, सरकारनं गावाला न विचारता सोन्याच्या खाणींचे ५२ पट्टे त्या भागात मांडलेत. काही दिलेले, काही मंजुरीच्या वाटेवर. गावानं फोटो, ठिकाणांचे आकडे, तारखा, ड्रोनची दृश्यं घेऊन न्यायालय गाठलं. त्याच वर्षी प्रांतिक न्यायालयानं ५२ च्या ५२ पट्टे रद्द केले. ३२ हजार हेक्टरांहून जास्त जंगल त्यातून सुटलं. २०२२ च्या सुरुवातीला देशाच्या घटना न्यायालयानं या प्रकरणाचा आधार घेऊन आदिवासींच्या पूर्वसंमतीचा हक्क आणखी पक्का केला. तुकडीत सामील झालेली पहिली बाई आलेक्सांद्रा नार्वाएस आणि तिचा सहकारी आलेक्स लुसितांते यांना त्या वर्षी पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

इथं एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. भाल्यानं एकही खाण बंद पडली नाही. बंद पडल्या त्या पंचनाम्यानं. आपल्याकडचा जुना वनरक्षक हे लगेच ओळखेल: गुन्हा पाहणं ही निम्मी नोकरी, तो कागदावर टिकेल असा उतरवणं ही उरलेली निम्मी. आणि हे दुसरं निम्मं हौसेनं होत नाही. त्यासाठी दर आठवड्याला त्याच ओढ्यावर पुन्हा जावं लागतं, बॅटऱ्या चार्ज कराव्या लागतात, तारखा जुळवाव्या लागतात. आणि ते करणाऱ्या माणसाच्या घरी त्या दिवशी मासे किंवा मका दुसऱ्या कुणीतरी आणावा लागतो.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या मुद्द्याकडं मी डोळेझाक करत नाही, कारण तो खरा आहे. आदिवासी जंगल विकतात. ब्राझीलच्या कायापो लोकांचं नाव धरणविरोधी लढ्यामुळं जगभर गाजत होतं, त्याच काळात त्यांच्यातले काही पुढारी महोगनी तोडणाऱ्यांशी आणि सोनं काढणाऱ्यांशी सौदे करत होते. कोफानांतही हेच. आग्वारिकोच्याच काठावर दुरेनो नावाचं गाव आहे. नव्या तेलविहिरींवरून ते गाव उभं दुभंगलं. काहींना विहिरी हव्या होत्या, काहींना नको. विरोध करणारे नेते एदुआर्दो मेंदुआ यांना २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरापाशी गोळ्या घालून मारलं. म्हणजे एकाच नदीवर, एकाच भाषेच्या दोन गावांत, एकीकडं खाणी हटवणारी तुकडी आणि दुसरीकडं रक्तरंजित फूट. ‘रक्तातच जंगल असतं’ म्हणणाऱ्या काकांकडं दुरेनोचं काय उत्तर आहे?

पण अधिकाऱ्यांकडं तरी आहे का? दुरेनोनं स्वभाव सिद्ध होत नाही, बाजारभाव सिद्ध होतो. ज्या गावाच्या चारही बाजूंना जंगल तुटून गेलंय, नदीचं पाणी पिता येत नाही, मुलांना शिकवायला पैसा लागतो, तिथं पैसा घेऊन येणारी एकच संस्था असेल, आणि ती तेलकंपनी असेल, तर काही माणसं ‘हो’ म्हणणारच. मीही म्हटलं असतं. आपल्याकडं महामार्गात किंवा विमानतळात जमीन गेली तेव्हा किती बागायतदार मातीवरच्या प्रेमाखातर मोबदल्याला नाही म्हणाले? तेव्हा आपण ‘शेतकऱ्याच्या रक्तात माती नाही’ असा निष्कर्ष काढला नाही. राखणीचा पगार हा त्या गावात येणारा दुसरा पैसा असतो. तो पाच घरांत जरी नियमित गेला तरी सभेत बोलताना त्या पाच घरांचा आवाज बदलतो. आणि हे नुसतं माझं अनुमान नाही. पेरूच्या लोरेतो भागात ७६ आदिवासी गावांत एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत निवडक गावकऱ्यांना प्रशिक्षण, स्मार्टफोन, उपग्रहावरून येणाऱ्या तोडीच्या सूचना आणि गस्तीचे पैसे दिले. उरलेल्या गावांना यातलं काहीच दिलं नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पहिल्या वर्षी त्या गावांतली जंगलतोड ५२ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या वर्षी हा परिणाम २१ टक्क्यांवर ओसरला, हेही सांगायला हवं. ओसरला, कारण राखण ही लस नाही, एकदा टोचली की झालं असं होत नाही. ब्राझीलमधल्या उपग्रह-नोंदी तीस वर्षांचा हिशेब देतात: १९९० ते २०२० या काळात खासगी जमिनींवरचं वीस टक्क्यांहून जास्त नैसर्गिक आच्छादन गेलं, आदिवासी प्रदेशांतलं एक टक्का. त्या एका टक्क्यात कायापोंचे सौदेही आले बरं.

आता उलट्या बाजूनं येणारा आक्षेप, जो मला जास्त चिडवतो कारण तो प्रेमानं केला जातो. पैसा आला की भाव जातो. जे ते पूर्वापार श्रद्धेनं करत आले त्याला मजुरीचं रूप देऊ नका. यातही तथ्याचा कण आहे. ओडिशातल्या कित्येक गावांत ‘ठेंगापाली’ चालते: काठी आज ज्याच्या दारात, त्याची आज जंगलावर जायची पाळी, संध्याकाळी काठी शेजारच्या दारात. पैसा नाही, आणि डोंगर हिरवे झालेत. पण तो गावामागचा डोंगर असतो, आणि चोर बहुधा शेजारच्या गावचा, ओळखीतला. होडीनं दोन दिवस लागतील अशा ओढ्यावर, बंदूक बाळगणाऱ्या सोनेवाल्यांच्या पाळतीवर, महिनाभर राहायला पाळीची काठी पुरत नाही. आणि श्रद्धेचंच म्हणाल तर जरा कोकणात, गोव्यात जाऊन या. गावाची वेस सांभाळणारा राखणदार, देवचार, ही तर अदृश्य शक्ती. त्याला पोट नाही, मुलंबाळं नाहीत. तरी वर्षाच्या वर्षाला त्याची राखण द्यावीच लागते: नारळ, रोट, विडी, कुठं कोंबडा, कुठं दारूचा घोट. राखायचं काम आणि त्याचं देणं, दोन्हीला शब्द एकच, ‘राखण’. देणं चुकलं तर राखणदार रुसतो, आणि गावात कुणी म्हणत नाही, की बघा, याची निष्ठा पैशाला विकली गेली. भुताचा हिशेब आपण चोख ठेवतो आणि जिवंत माणसाला म्हणतो, तुझ्या श्रद्धेला धक्का लागेल.

हा आपला जुना डाव आहे. ज्या कामाचे पैसे द्यायचे नाहीत त्याला सेवा म्हणायचं, आणि थोडे द्यायचे असतील तर मानधन. गावोगावच्या आशाताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा गौरव मिळाला, आपण सगळ्यांनी अभिमानानं छाती फुगवली. २०२४ च्या सुरुवातीला त्याच ताया मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. आलेक्सांद्राच्या पुरस्काराची बातमी वाचताना मला त्या आठवल्या. पुरस्कार एकाला मिळतो आणि एकदाच मिळतो. गस्त दर आठवड्याला असते.

सगळ्यात जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो घाईनं उडवून लावणं बरं नव्हे. माणसाच्या हाती अधिकार, गणवेश आणि पगार दिला की तो कुणाचा होतो? संरक्षणाच्या नावाखाली उभ्या केलेल्या दलांनी जंगलातल्याच लोकांना चिरडल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. राष्ट्रीय उद्यान या कल्पनेचं पाळणाघर जे यलोस्टोन, तिथं १८८६ ते १९१८ लष्कर पहाऱ्यावर होतं. मध्य आफ्रिकेत एका जगप्रसिद्ध वन्यजीव संस्थेच्या मदतीवर चालणाऱ्या वनरक्षकांनी बाका लोकांना मारहाण, छळ केल्याच्या बातम्या २०१९ मध्ये बाहेर आल्या, चौकशी समिती बसवावी लागली. पूर्व काँगोतल्या काहुझी-बिएगा उद्यानातून बात्वा लोकांना सत्तरच्या दशकात घालवून दिलं, ते आजही वेशीवर हक्क मागताहेत. तेव्हा ‘रक्षकांना बळ द्या’ हे वाक्य ऐकताना बाका माणसाच्या अंगावर काटा येत असेल, तर चूक त्याची नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला ॲमेझॉनपर्यंत जावं लागत नाही. मराठी मुलखात राखणीचे दोन धडे दोनशे वर्षांपूर्वीच झालेत. पहिला पुरंदरचा. गडाच्या घेऱ्यात, माचीखालच्या रानात राखण करायची ती रामोशी, कोळी, महार, बेरड अशा जमातींनी. रात्रीचा पाला वाजला तर तो रानडुकराचा की माणसाचा, हे त्यांच्या कानाला कळे. बदल्यात जमिनी, हक्क, वतनं. पेशवाईच्या अखेरीस आणि मग कंपनी सरकारच्या राज्यात पुरंदरच्या रामोशांची ही राखण आणि तिच्याबरोबरचे हक्क गेले. माणसं तीच, रान तेच, कान तेच. बदलला तो फक्त कागद: काल राखणदार, आज दरोडेखोर. भिवडीचे उमाजी नाईक त्यातून उठले, वर्षानुवर्षं कंपनीला पुरून उरले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फासावर गेले. विनोद असा, की त्यानंतरही पुण्यातले साहेब लोक बंगल्याच्या राखणीला रामोशीच ठेवत. त्यांच्याइतकी राखण दुसऱ्या कुणाला येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुसरा धडा खानदेशचा. तिथं गावोगाव भिल्ल जागल्या असे, रात्रीची गस्त घाले, गावाकडून त्याचा हक्क घेई. धामधुमीच्या काळात ते देणं तुटलं आणि भिल्ल डोंगर धरून लुटीवर आले. १८२५ मध्ये औट्रम साहेबानं खानदेश भिल्ल कोअर उभारली. पगार नियमित, कवायत, गणवेश, मान. लुटी बऱ्याच थांबल्या, म्हणून आजही काही जण याचं कौतुक करतात. पण ही तुकडी कुणाची राखण करत होती? कंपनीच्या वसुलीची. कुणापासून? स्वतःच्याच भाऊबंदांपासून. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये कंपनीवर उलटला, तेव्हा त्याच्या माणसांवर चालून जायला कंपनीकडं पगारी भिल्लही होते.

हे दोन धडे एकत्र वाचायला हवेत. पुरंदर सांगतं, राखणदाराचं देणं तोडलं की तुम्ही स्वतःच चोर तयार करता. खानदेश सांगतं, देणं दिलं पण जाब विचारण्याचा हक्क साहेबानं स्वतःकडं ठेवला, की राखणदार साहेबाचा होतो. बाकांना मारणारे रक्षक हे या दुसऱ्या धड्यातले: पगार बाहेरून, हुकूम बाहेरून, आणि ज्याच्या पाठीवर दांडा पडतो त्याला तक्रार करायला सभा नाही. म्हणून मी सुरुवातीला जाबाचा क्रम सांगितला. तुकडीतली माणसं गावसभेनं नेमावीत आणि गावसभेला काढता यावीत. त्यांनी अडवावं, नोंदवावं, कळवावं. अटक आणि गोळी हे राज्याचं काम राज्यानं करावं, आणि कळवल्यावर करावंच. सिनांगोयेनं जवळपास हेच केलं. अधिकाऱ्यांना समांतर सत्तेची भीती वाटते, तिला उत्तर हेच, की लिहिलेला नियम आणि न्यायालयात टिकणारा पुरावा घेऊन उभी राहिलेली तुकडी राज्याला टाळत नाही, ती राज्याला कामाला लावते. राज्याला तेच नको असतं, ही गोष्ट वेगळी.

जिवाच्या धोक्याबद्दल फार लांबण लावत नाही. २०१९ च्या १ नोव्हेंबरला ब्राझीलच्या आरारिबोइया प्रदेशात गुआजाजारा लोकांच्या ‘जंगलाचे रक्षक’ या तुकडीतला पाउलो पाउलीनो लाकूडचोरांच्या गोळीनं गेला. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ या एका वर्षात जगभरात जमीन आणि पर्यावरण राखणारे १९६ जण मारले गेले, त्यातले ७९ एकट्या कोलंबियात. ‘गरीब पोरांना पुढं करू नका’ हा सल्ला चांगल्या मनानं दिला जातो. पण ती पोरं पुढंच आहेत, घर त्यांचं तिथंच आहे. आपण एवढंच ठरवू शकतो, की त्यांच्याकडं वायरलेस असेल का, आणि ते गेले तर घरच्यांना विमा मिळेल का.

मग उरतो पैसा. इथं मला माझ्याच बाजूचं एक अपयश सांगावं लागेल. सिनांगोयेची ही तुकडी कोफानांचा पहिला प्रयत्न नव्हे. त्याआधी, या शतकाच्या सुरुवातीला, रँडी बोरमन यांच्या पुढाकारानं कोफान राखण-तुकड्या उभ्या राहिल्या होत्या. बोरमन हे अमेरिकी मिशनऱ्यांचे चिरंजीव, कोफान पोरांतच वाढलेले आणि पुढं साबालो गावाचे म्होरके झालेले. गोरा माणूस आदिवासींचा नेता कसा, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर ऐकावा लागला. २००२ मध्ये कोफान-बेर्मेहो हे राखीव क्षेत्र जाहीर झालं, आणि त्याची व्यवस्था कोफानांकडं आली. पर्यावरण खात्याचं प्रशिक्षण घेतलेल्या तुकड्या आलटूनपालटून महिनामहिना रानात राहत, हद्दीच्या वाटा साफ करत, घुसखोरांना परत पाठवत. चार लाख हेक्टरांच्या आसपासचं जंगल त्यांनी सांभाळलं. दहाएक वर्षं चाललं. मग देणगीदारांचा पैसा आटला आणि तुकड्या थांबल्या. जंगल तेच, माणसं शिकलेली, वाटा पाठ. फक्त प्रकल्पाची मुदत संपली. विरोधक म्हणतात, बघा, परक्या पैशावर उभं केलेलं टिकत नाही. अगदी बरोबर. पण यातून निष्कर्ष काय काढायचा, राखण नको की परका पैसा नको? नगरपालिकेचा अग्निशमन बंब कधी तीन वर्षांच्या प्रकल्पावर चालतो का?

पैसा नाही असंही नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत काही देशांनी आणि प्रतिष्ठानांनी आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या जमीनहक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर केले. त्यातला थेट त्या लोकांच्या संघटनांकडं गेलेला वाटा लाजिरवाणा होता, बाकीचा मधल्या संस्थांच्या कार्यालयांतून झिरपत राहिला. वर्षावनांसाठी ब्राझीलनं पुढं आणलेल्या नव्या निधीत किमान २० टक्के रक्कम या समुदायांना मिळावी अशी अट आहे. चांगलं आहे. मात्र तो पैसा शेवटी कुठल्या खात्याच्या कुठल्या लेखाशीर्षातून, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातात पडतो, हे पाहायला हवं. इक्वेडोरच्या घटनेत २००८ पासून निसर्गाला हक्क आहेत, जगात पहिल्यांदा. आणि त्याच देशाच्या सरकारनं २०२५ च्या जुलैत पर्यावरण मंत्रालय ऊर्जा आणि खाण मंत्रालयात विलीन करायचं ठरवलं. आपल्याकडंही वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिलाय. लेखा-मेंढा या गावानं २००९ मध्ये १,८०९ हेक्टरांवर तो हक्क मिळवून दाखवला, गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा आज बांबू-तेंदूच्या उत्पन्नातून स्वतःची राखण स्वतः चालवतात. पण ज्यांच्याकडं विकायला बांबू नाही त्यांनी काय करायचं, याबद्दल कलम ५ गप्प आहे.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका जंगलात एका संरक्षण कुटीवर दोन रात्री राहिलो होतो. तिथं एक कोरकू वनमजूर होता, रोजंदारीवर. पहाटे चारला उठून शेकोटीवर चहा ठेवायचा आणि मग वीसेक किलोमीटर पायी. पाणवठ्याच्या चिखलात ठसा दिसला की गुडघ्यावर बसून बोटांनी मापायचा आणि नर की मादी ते सांगायचा. त्याची मजुरी चार महिने आली नव्हती. ‘वाघ रोज पाह्यते मले,’ तो म्हणाला, ‘हापिसात मीच दिसत नाही कोनाले.’ पायात त्याच्या तळ झिजलेल्या रबरी चपला. कुटीच्या दाराला मात्र चामड्याचे कोरे बूट नाडीनं टांगलेले. मी विचारलं, हे कुणाचे?

‘माहेच. हापिसातून आले. धा नंबर. माहा पाय सात.’

‘मग बदलून नाही मागितले?’

‘मांगतले ना. म्हने, यादीत तुहे बूट आले असं लिवून झालं.’ त्यानं चहा माझ्याकडं सरकवला. ‘आता राहू द्या तिथंच. रातच्याले अस्वल येते. त्याले वाटलं पाह्यजे, आत लय मोठा मानूस रायते.’